ह्यात काय काय पडलंय?

सांगलीत मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला पगार विचारला नाही, आडनाव विचारलं नाही, माझ्याकडे कोण येणार-जाणार हेही विचारलं नाही. पायरीवर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "रहिमतपूरची व्हय? मग तुमच्याकडं हुलग्याचं माडगं गुळाचं करत्यात का मिठाचं?"

मी म्हटलं, "आमच्याकडे गुळाचं. पण आत्या आली की मिठाचं करते."

"दोन्ही? एकाच घरात?" ते उठून उभेच राहिले. "का?"

का ते मला माहीत नव्हतं. चोवीस वर्षं मी ते पेजेसारखं माडगं पीत होते आणि हा प्रश्न मला पडला नव्हता.

"इचारून सांग," असं म्हणून त्यांनी खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. भाडं किती ते त्यांच्या बायकोनं, काकूंनी, मागाहून जिन्यात गाठून सांगितलं.

काका लष्करातून निवृत्त झालेले होते, पण बंदुकीच्या गोष्टी सांगणाऱ्यांतले नव्हते. वीस-बावीस वर्षं त्यांनी पलटणीच्या लंगरात, म्हणजे जवानांच्या स्वयंपाकघरात काढली होती. गाव कडेगावच्या बाजूचं. तिथला ऊस भाऊ बघायचा. काकांनी सांगलीत खाली दोन आणि वर एक अशा खोल्या बांधल्या होत्या, वरची माझी. ठेंगणा, रुंद माणूस. मान जवळजवळ नाहीच. आवाज शंभर माणसांना "रांगेत या" म्हणून सांगायची सवय असलेला. आणि बोटं मात्र कोथिंबीर निवडणाऱ्या बाईसारखी हलकी.

समोर आलेल्या कुठल्याही ताटाला त्यांचा पहिला प्रश्न एकच, "ह्यात काय काय पडलंय?" लग्नाला गेले की अक्षता टाकून सरळ मांडवाच्या मागे, आचाऱ्यांकडे. नावं ठेवायला नव्हे. काकांनी कुणाच्या जेवणाला नाव ठेवलेलं मी कधी ऐकलं नाही. खारट आमटी तर त्यांना विशेष आवडायची, कारण ती का खारट झाली ते शोधून काढता यायचं. हा प्रश्न पुढे जेवणापुरताही राहिला नव्हता. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी रंगवाल्याला डबा उघडून त्यात काय काय घातलंय ते विचारलं, आणि त्या बिचाऱ्याने कंपनीला फोन लावून दिला. अर्धा तास बोलणं झालं. रंग काही त्या दिवशी लागला नाही.

शिरवळची गोष्ट मला काकूंनी सांगितली. दोघं एसटीनं पुण्याला निघाली होती. शिरवळजवळ गाडी ढाब्यावर थांबली. काकांनी डाळ मागवली, एक घास खाल्ला आणि ताट तसंच ठेवून ते ढाब्याच्या मागच्या बाजूला गेले. काकू गाडीत येऊन बसल्या आणि त्यांना डुलकी लागली. जाग आली तेव्हा कात्रजचा बोगदा गेला होता आणि शेजारची जागा मोकळी होती. काका तीन तासांनी दुधाच्या टँकरमधून पुण्याला बहिणीच्या दारात उतरले. उतरले ते बोलतच. "आगं, कांदा त्यांनी तेलात परतलेलाच न्हाई! चुलीत भाजलाय, सालीसकट!"

"मी म्हटलं, बायको गाडीत राहिली ती आठवली का?" काकू सांगत होत्या. "तर म्हणाले, तू कुठं जातीयास, गाडी पुण्यालाच निघालीवती की."

मी एकदा त्यांना विचारलं, ही खोड लागली कधी. त्यांनी बराच वेळ विचार करून सांगितलं. नवीन असताना त्यांची पलटण डोंगरात फार उंचावर गेली होती. तिथे डाळ शिजेना. पाणी खळखळा उकळतंय आणि डाळ दगडासारखी. आठ दिवस जवानांनी कच्ची डाळ खाल्ली आणि आठ दिवस काका रोज स्वतःला शिव्या घालत राहिले. हात बिघडला, नजर लागली, काय काय मनात आलं. शेवटी त्यांनी भीतभीत एका अधिकाऱ्याला विचारलं. तो हसला आणि म्हणाला, इतक्या उंचीवर पाणी कमी तापूनच उकळतं, तुझा काय दोष?

"आठ दिस!" काका मला म्हणाले. "इचारलं असतं तर पैल्याच दिशी सुटलो असतो. न इचारनारा मानूस उगा सोताला तरी दोष देतोय, न्हाईतर दुसऱ्याला तरी."

त्यांची आणखी एक रीत होती. मेव्हणा, म्हणजे काकूंचा सख्खा भाऊ, त्याच पलटणीत होता, पण काकांनी त्याला वाढताना कधी अर्धी पोळी जास्त टाकली नाही. लंगरात तो मेव्हणा नव्हता, रांगेतला जवान होता. काकूंच्या मनात ते अजून होतं. काकांचं म्हणणं एवढंच, "घर ते घर, हाफिस ते हाफिस." ही रीत पुढे माझ्यावर लागू होईल असं मला वाटलं नव्हतं.

मी एका खासगी हॉस्पिटलात बिलिंगच्या खिडकीवर बसत होते. काकांच्या पाठीवर, उजव्या खांद्याखाली एक गाठ होती. चरबीची, लिंबाएवढी, न दुखणारी. पण बनियनच्या पट्ट्याखाली घासायची. माजी सैनिकांच्या सोयीतलं हॉस्पिटल गाठायचं तर लांब जावं लागणार होतं आणि तारीखही पुढची मिळत होती. मीच म्हटलं, आमच्याकडे या. आमच्या सर्जनना मी स्वतः विचारून आले. ते म्हणाले, "किरकोळ आहे. जागेवर भूल द्यायची, अर्ध्या तासात मोकळे. आठ-साडेआठ हजार होतील." मी घरी येऊन तसं सांगितलं.

"जाग्यावर भूल म्हंजे मी जागा ऱ्हानार?" काकांनी विचारलं.

"हो."

त्यांचा चेहरा असा खुलला की जणू त्यांना सिनेमाचं तिकीट मिळालं.

ऑपरेशन सकाळी झालं, दुपारी त्यांना सोडलं. त्या दिवशी खिडकीवर गर्दी होती, चौदा-पंधरा जणांना सोडायचं होतं. मी भराभर बिलं टाकली आणि जेवायला गेले. काका पैसे भरून गेले ते माझ्या मागे बसणाऱ्या मुलीकडे.

संध्याकाळी घरी गेले तर काका कुशीवर झोपलेले, पाठीला पट्टी. मी विचारलं, "कसं झालं? दुखतंय का?"

"लय भारी झालं," ते म्हणाले. "गाठ दावली मला. कोंबडीच्या चरबीसारखी पिवळी असती, बग."

"बिल किती झालं?"

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "घर ते घर."

काकूंनी फळीवरचा कागद माझ्या हातात दिला. सदतीस हजार चारशे.

मी कागद दोनदा वाचला. पूर्ण भुलीचे पैसे. भूलतज्ज्ञांची फी. ब्रीदिंग सर्किट. हातमोज्यांचे बारा जोड. मॉनिटर. आणखी बरंच. मला ते सगळं पाठ होतं, कारण त्याचा एक संच, म्हणजे ठरलेल्या बाबींची यादी, आमच्या संगणकात तयारच असायचा. किरकोळ ऑपरेशनचा वेगळा संच होता, पण मॅनेजरसाहेबांनी मी लागले त्याच आठवड्यात सांगितलं होतं, तो वापरायचा नाही, सगळ्यांना मोठाच टाकायचा, कुणी तक्रार केली तर बघू. बहुतेकांचा विमा असायचा. तक्रार कुणी करत नसे. दोन वर्षं मी एक बटण दाबत होते. त्या दिवशीची सगळी बिलं मीच टाकली होती, म्हणजे हेही मीच. नावाकडेसुद्धा मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी वांग्याच्या भाजीची वाटी वर पाठवली. चव नेहमीपेक्षा वेगळी होती, दाट आणि खमंग. मी विचारलं तर काकू म्हणाल्या, "ही डॉक्टरांच्या आईची रीत हाय म्हणे." माझं लक्ष नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता काका माझ्या खिडकीसमोर उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात बिल.

"नमस्ते मॅडम," ते म्हणाले.

मला वाटलं थट्टा करतात. चेहऱ्यावर थट्टा नव्हती. आदल्या रात्री याच माणसाने मला "पोरी, दाराला कडी लाव" म्हणून खालून हाक मारली होती.

"बिल भरल्यालं हाय," ते म्हणाले. "ताटात पडलं ते आधी संपवायचं, मग आचाऱ्याला इचारायचं, आमची रीत हाय. रोज एकच इचारीन, तुमचा टाईम खानार न्हाई. आज हे सांगा, हे ब्रीदिंग सर्किट म्हंजे काय?"

"ऑपरेशनचं सामान असतं, काका."

"ते कळलं मॅडम. पर ते करतंय काय?"

हा शब्द मी शेकडो बिलांवर छापला होता. ती वस्तू लोखंडाची असते की कापडाची, हेही मला माहीत नव्हतं.

"इचारून सांगा. मी उद्या येतो." मागच्या माणसाला जागा करून देऊन ते निघून गेले.

दुपारी मी ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरांकडे गेले. दोन वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी एक पन्हाळीदार प्लास्टिकची नळी दाखवली. पेशंट पूर्ण बेशुद्ध असला की त्याचा श्वास मशीनला जोडायला ती लागते. मी दुसऱ्या दिवशी काकांना तसं सांगितलं.

"माझ्या तोंडाला लावलीवती?"

"बिलात तरी तसं आहे."

"मग मी बोलत कसा व्हतो?" त्यांनी हे वाद घालायच्या सुरात विचारलं नाही. शिरवळच्या कांद्यासारखंच विचारलं, खरंच कळत नाही म्हणून. मी पुढच्या माणसाचं बिल हातात घेतलं. ते म्हणाले, "बरं. उद्या दुसरं."

पुढच्या दिवशी हातमोजे. "लिंबाएवढ्या गाठीला बारा जोड? मी शंभर जवानांची कणीक मळायला किती हात लागत्यात ते सांगतो तुम्हाला." त्याच्या पुढच्या दिवशी भूलतज्ज्ञ. "हे डॉक्टर दिसायला कसे हायती? एवढे पैसे घेत्यात म्हंजे माझ्यासाठी लय काय केलं असंल त्यांनी. वळख करून द्या, आभार मानतो."

खिडकीसमोरच्या बाकावर बसलेली माणसं हळूहळू ऐकू लागली. काकांचा आवाज लहान नव्हताच. काकांच्या फेऱ्यांच्या पाचव्या-सहाव्या दिवशी मॅनेजरसाहेब स्वतः केबिनमधून बाहेर आले आणि काकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आजोबा, मिटवून टाकू. पाच हजार कमी करून देतो."

"कशातले पाच?" काकांनी विचारलं.

"म्हणजे?"

"कुठला जिन्नस काढला? सर्किट काढलं का मोजे? का भूल थोडी कमी केली?"

"तसं नसतं हो. डिस्काउंट म्हणजे एकूण रकमेवर."

"मग नगं," काका म्हणाले. "काय काढलं ते कळत न्हाई तवर कमी झालं असं मी कसं म्हनू?"

मॅनेजरसाहेबांना हा माणूस उमजेना. पैसे भरून झालेले, आरडाओरडा नाही, पत्रकार आणत नाही, पुढाऱ्याचा फोन नाही. रोज येतो, एक प्रश्न विचारतो, नमस्कार करून जातो. त्यांनी मला आत बोलावून विचारलं, "हा तुमच्या ओळखीचा आहे का?" मी म्हटलं, "मी त्यांच्याकडे भाड्याने राहते."

घरी यातलं अवाक्षर निघत नव्हतं. काका अंगणात बसून लसूण सोलायचे, मला हाक मारून आत्याच्या माडग्याचं काय झालं विचारायचे. माझी झोप उडाली होती. एका संध्याकाळी मला राहवलं नाही. मी बँकेतून काढून आणलेले पंचवीस हजार पाकिटात घालून त्यांच्यासमोर ठेवले. म्हटलं, "काका, मीच तुम्हाला तिथे नेलं. हे ठेवा आणि आता येऊ नका."

काका मला रागावलेले मी तेवढे एकदाच पाहिले. आवाज चढला नाही, उलट उतरला. "उचल ते," ते म्हणाले. "घरात हाफिस आनलंस तर घरबी ऱ्हानार न्हाई नि हाफिसबी न्हाई." आणि लसणाचं ताट घेऊन आत गेले. काकू बाहेर आल्या, माझ्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांच्यापाशी पैसे हायती, बाई. पैशाचं न्हाई ते."

आठव्या दिवशी बाकावरची एक बाई उठून खिडकीशी आली. हातात बिल, डोक्यावर पदर, विट्याच्या बाजूची असावी. "मॅडम, माझ्याबी बिलात ती नळी हाय का बगा की," ती म्हणाली. "मालकांचं नुसतं नखुरडं काढलंय वो."

मी बिल घेतलं. पायाच्या अंगठ्याचं नखुरडं. ब्रीदिंग सर्किट होतं. भूलतज्ज्ञ होते. मोजे होते. तेही मीच टाकलेलं. तिचा नवरा वर खाटेवर कपडे करून बसला होता, पैसे भरल्याशिवाय त्याला सोडत नव्हते. तिने कानातलं काढून रुमालात बांधून आणलं होतं, आणि सराफाचं दुकान कुठल्या गल्लीत आहे हेही तिला मलाच विचारायचं होतं.

"थांबा जरा," मी म्हटलं. "आज नका जाऊ सराफाकडे."

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं ते मला आजही सांगता येत नाही.

नवव्या दिवशी मॅनेजरसाहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. मलाही बोलावलं, सर्जननाही. साहेबांनी फाइल उघडून शांतपणे वाचून दाखवलं. पूर्ण भूल दिल्याची नोंद आहे, खाली डॉक्टरांची सही आहे. "आजोबा, भुलीत माणसाला काही आठवत नाही. तुम्हाला वाटतं आपण जागे होतो. असं होतं कधी कधी."

काकांना हे नवीन होतं. त्यांनी त्यावर प्रामाणिकपणे विचार केला. "असं व्हतं व्हय?" मग ते डॉक्टरांकडे वळले. "डॉक्टर, मी बेशुद्ध व्हतो तर मला एक सांगा. तुमच्या आई वांग्याच्या मसाल्यात शिळी भाकरी घालत्यात. बाजरीची. तव्यावर कडक करून. हातानं चुरायची, मिक्सरला लावायची न्हाई, लावली तर चिकाट व्हतं. हे मला कुनी सांगितलं?"

डॉक्टर तरुण होते, वाईकडचे. त्यांचे कान लाल झाले.

"आमी दोघांनीबी करून बघितली भाजी," काका म्हणाले. "लय नामी झाली. पर तीळ किती घालायचे ते सांगताना तुमी थांबलासा. म्हनालासा, जरा टाका घालू द्या, मग सांगतो. आनि ते ऱ्हाऊनच गेलं."

"मूठभर," डॉक्टर म्हणाले. "मूठभर तीळ. आणि तुम्ही म्हणालात, मूठ कुणाची, तुमची का आईची."

"व्हय! तवाच नर्स हसली."

डॉक्टरांनी फाइल स्वतःकडे ओढली आणि आपल्या सहीकडे बघत राहिले. "ही मी वाचलेली नाही," ते म्हणाले. "दिवसाला तीस फाइली येतात. मी सह्या करतो. पण हे पेशंट पूर्ण वेळ जागे होते. मी जागेवरच भूल दिली होती."

मॅनेजरसाहेब माझ्याकडे वळले. ते वळणार हे मला आत येतानाच कळलं होतं. "मॅडम, मग ही एन्ट्री चुकली कशी? कुणी केली? नजरचुकीने झालं असेल तर तसं सांगा, आपण दुरुस्त करू."

सुटायची वाट त्यांनी मला आखून दिली होती. नजरचूक. एक शब्द. काकांचे पैसे परत मिळाले असते, माझी नोकरी राहिली असती, आणि त्या बाईचं कानातलं मोडलं असतं. मी काकांकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते, "मॅडम"कडे बघावं तसे. मदत करायचं काही चिन्ह नाही.

"नजरचूक नाही," मी म्हटलं. "मी टाकली एन्ट्री. सगळ्यांनाच टाकते. मोठा संच सगळ्यांना टाकायचा असं सांगितलेलं आहे. बाहेर एक बाई बसल्यात, त्यांच्या यजमानांच्या नखुरड्यालाही हाच टाकलाय."

डॉक्टर मॅनेजरसाहेबांकडे बघत होते. त्यांना हे माहीत नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडावरून कळलं.

काकांचं बिल आठ हजार दोनशेचं झालं आणि उरलेल्याचा चेक मिळाला. त्या बाईचा नवरा त्याच दुपारी नीट बिल भरून घरी गेला. जाताना तो लंगडत खिडकीशी आला. बायको म्हणाली, "येतो बरं का मॅडम." किरकोळ ऑपरेशनचा संच सुरू झाला, आणि डॉक्टर सही करण्याआधी फाइल उघडून बसू लागले, त्यामुळे पेशंटना सोडायला रोज तास-दीड तास उशीर होऊ लागला. मागच्या दोन वर्षांची बिलं कुणी उघडली नाहीत. मीही उघडायला लावली नाहीत, हे सांगितलंच पाहिजे.

मला त्यांनी काढलं नाही. तळघरात जुन्या फाइलींच्या खोलीत बसवलं. चार महिने मी धूळ झाडली आणि मग साताऱ्यात एका लहान दवाखान्यात नोकरी धरली. पगार थोडा कमी. बिलावर मला न कळणारा शब्द आला की मी अजून उठून विचारायला जाते. पहिल्या महिन्यात तिथले लोक वैतागले होते, आता त्यांना सवय झालीय.

सांगली सोडताना काका मला स्टँडवर पोचवायला आले होते. बॅग त्यांनीच धरली होती, पाठीचं पूर्ण भरून आलं होतं. साताऱ्याची गाडी लागायची होती. आम्ही फलाटावरच्या बाकड्यावर बसलो. मी म्हटलं, "काका, एक विचारू? ते बिल मीच टाकलं होतं, हे तुम्हाला केबिनमध्ये ऐकून वाईट वाटलं असेल."

"केबिनीत कशाला? मला पैल्याच दिशी म्हाईत व्हतं."

"कसं?"

"खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात तुझंच नाव छापलंवतं की. बिल तयार करनार म्हनून."

मी हजारो बिलं छापली होती. तिथे माझं नाव येतं हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

"मग नऊ दिवस मला का विचारत राहिलात? पहिल्याच दिवशी म्हणायचं होतं, हे तू केलंयस."

"तुला तरी कुठं म्हाईत व्हतं, काय टाकलंयस ते?" काका म्हणाले. "म्हाईत झाल्याव तू काय करतीस, ते मला बघायचं व्हतं."

गाडी फलाटाला लागली. माणसं दाराशी धावली. मी उठले नाही.

"आणि मी गप्प बसले असते तर?"

काकांनी या प्रश्नाचाही मन लावून विचार केला. बॅग उचलली, माझ्या हातात दिली.

"तर तेबी कळलं असतं की, पोरी."